पुण्याला न्यायचे मफिन

२ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी कृषी केंद्रातून फुकट मिळाली. वर ट्रॅक्टरचं चित्र. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी चूल पेटवायच्या कामी येते. यंदा लिहिणार आहे. चौथी शिकली आहे, लिहिता येते मले.

रविता फोनवर म्हणाली, माय, मफिनमध्ये काय-काय टाकलं ते लिहून ठेव, म्हणजे बिघडलं तर कुठं बिघडलं ते समजते. मी म्हटलं, बिघडणार कायले?

२० तारखेला मी पुण्याला चालली. लेकीकडे. महिनाभर. तिकीट तिनंच काढून मोबाइलवर पाठवलं. तिचं घर सातव्या माळ्यावर आहे, मी आजवर फक्त मोबाइलातच पाहिलं. गॅलरीत एक कुंडी आणि बाजूला रिकामी खुर्ची. म्हणते, माय, ही खुर्ची तुझी.

लेकीच्या घरी पहिल्यांदा जायचं म्हणजे रिकाम्या हातानं जाते काय कोणी? पण ही पोरगी आता दूध, दही, तूप, अंडं काहीच खात नाही. वेगन म्हणतात त्याले. लहानपणी धार काढताना गिलास घेऊन उभी राहायची, फेसाची मिशी काढून घरभर मिरवायची. आता म्हणते, ते दूध आपलं नाही. मग माझे पेढे गेले, तुपाचे लाडू गेले. राहिलं काय? चॉकलेटचे आणि फळाचे मफिन. तिथं दुकानातून आणून खाते. मी घरी करून नेईन. मैदा, कोको, साखर, तेल, केळं, सोडा, व्हिनेगर. एवढंच. भात सोपा की हे सोपं?

अडचण एकच, मैनी. आमची म्हैस. तिचं पहिलं पिल्लू, वगार, मेल्यापासून माझ्याशिवाय कोणाच्या हाताले दूध देत नाही. अकरा वर्षं झाली, मी एक रात्र घराबाहेर झोपली नाही. माझ्या भावाच्या पोरीच्या लग्नातून सुद्धा संध्याकाळच्या धारेले परत आली.

तर दोन कामं. मफिन शिकणे. मैनीले रविताच्या बाबूजीच्या हाताची सवय लावणे. आठ दिवसात दोन्ही होतात.

४ फेब्रुवारी

पहिला घाणा झाला.

मैदा नव्हता. मैद्यासाठी आमच्या कामठ्याहून गोंदियाले कोण जाईल? घरात तांदळाच्या कोठ्या भरल्या आहेत. पीठ ते पीठ. तांदळाचं घेतलं.

ओव्हन नाही, म्हणून कूकर. रविता म्हणाली होती, बुडाले मीठ टाक, पाणी नको, शिट्टी आणि रबर काढून ठेव. शिट्टी काढली तर शिजलं हे समजणार कसं? नाही काढली. तीन शिट्ट्या झाल्या की उतरवू, म्हणून बसली. शिट्टी काही येईना. मग रबर जळल्याचा वास आला.

मफिन फुगले नाहीत. रविताच्या बाबूजीनं एक उचलून पाहिला, पाटावर आपटला, म्हणाले, रविताची माय, हे दाराले अडसर लावायले बरं आहे. शेजारची अल्का आली होती, तिनं चावून पाहिला. म्हणाली, बाई, माती गोड आहे.

चूक माझी नाही. केळी पाणचट होती.

सगळे मैनीपुढं टाकले. तिनं खाल्ले, माझा हात चाटला. जनावराले चव समजते.

६ फेब्रुवारी

मैनीचं शिक्षण सुरू. रविताच्या बाबूजीले बादली देऊन बसवलं. मैनीनं मान वळवून पाहिलं आणि लाथ मारली. बादली म्हशीच्या कोठ्याबाहेर, हे धानाच्या तणसीत.

म्हणाले, तिले मी आवडत नाही. मी म्हटलं, आवडायसारखं तोंड करून बसा ना, ग्रामसभेले बसल्यासारखे कायले बसले?

दूध सांडलं. चहावाला सुखराम घ्यायले आला तर अर्धंच. म्हणाला, भाभी, आज क्या हुआ? मी म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे.

पहिला दिवस असाच असते.

८ फेब्रुवारी, रविवार

गोंदियाले गेली. मैदा, कोको, कागदाच्या वाट्या आणल्या. दुकानदार म्हणाला, माताजी, किसी का बर्थडे है? मी म्हटलं, नही, पुना जाना है. त्यानं पिशवी बांधून दिली. व्हिनेगर मागायचं राहिलं. त्यानंच मधे बोलून विसरवलं.

आंबट ते आंबट. चिंचेचा कोळ टाकला.

फळाचा विचार केला. रविता म्हणते ब्लूबेरी. इथं कुठली ब्लूबेरी? काळं, गोड, सुकलेलं असं आपल्याकडे काय आहे? मोहफूल! डोकं असं चालवा लागते. परवाच खायले भिजवून चुलीजवळ ठेवले होते. आज झाकण काढलं तर वर फेस आलेला. मले वाटलं चांगले मुरले.

संध्याकाळी ६

रविताच्या बाबूजीनं चार खाल्ले. पाचवा मागितला. लग्नाले सत्तावीस वर्षं झाली, माझ्या हातचं पाचव्यांदा मागितलेलं मले आठवत नाही. मग कोठ्यात जाऊन मैनीले शेतीबद्दल काहीतरी समजावून राहिले होते. ती ऐकत होती.

अल्का दारातूनच म्हणाली, धनवंता, हे मफिन आहे का हातभट्टी? रेल्वेत पकडली जाशील ना.

हे पुण्याले नेता येत नाही. लेकीच्या सोसायटीत काय म्हणतील. उरलेले मैनीले दिले. संध्याकाळी दूध काय दिलं तिनं! बादली वर आली. आणि शांत. मुंगी चावली तरी हलली नसती.

यातून मले युक्ती सुचली. सरकीच्या ढेपीच्या जागी मफिन. रविताचे बाबूजी एका हातानं मफिन देतील, दुसऱ्यानं धार काढतील. जिथं शिकलेले अडतात तिथं मी पुढं जाते.

११ फेब्रुवारी

तिसरा घाणा छान झाला. मऊ. फुगला. यावेळी मोह नाही, चिकू. फक्त मऊपणासाठी एक पळी तूप टाकलं.

अल्का म्हणाली, तूप वेगनमध्ये चालत नाही. मी म्हटलं, तूप म्हणजे दूध थोडंच आहे? दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोणी कढवलं की तूप. इतकं झाल्यावर त्यात दूध राहते कुठं? तरी खात्रीसाठी रविताले फोन केला. ती म्हणाली, माय, तूप दुधाचंच असते ना गं. मी म्हटलं, रेंज नाही, आणि ठेवून दिला.

तो घाणाही मैनीनं खाल्ला. तिचंच तूप तिलेच.

पुढच्या वेळी तूप नाही. मोठ्या मनानं सोडलं.

१४ फेब्रुवारी

मैनी माणसाले तोंडावरून ओळखत नाही, साडीवरून ओळखते, हे मी शोधून काढलं. माझी धारेची हिरवी साडी रविताच्या बाबूजीले नेसवली. पदर डोक्यावर. बांगड्याही दिल्या. म्हणाले, हे गावात समजलं तर मी पोलीस पाटलाच्या समोरून जाऊ शकणार नाही. मी म्हटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. तुम्हाले लेकीसाठी एवढं नाही होत काय?

बसले. अल्का भिंतीवरून पाहून राहिली होती, मी तिले हसायची मनाई केली होती. इतक्यात सुखराम आला, यांच्या पाठीकडून म्हणाला, भाभी, नमस्ते. हे पदरातूनच हो म्हणाले. अल्का भिंतीवरून पडली.

मैनीनं यांच्या हातून मफिन घेतला. शांतपणे खाल्ला. तोंड पुसल्यासारखं केलं. मग लाथ मारली.

आता हे लंगडून चालतात. पण मफिन त्यांच्या हातून घेतला, हे विसरून चालणार नाही. म्हणजे अर्धं काम झालं.

१६ फेब्रुवारी

मैनीनं आज ढेपीले तोंड लावलं नाही. पाटी ढकलून दिली. मी कासेले हात लावला तर पान्हा सोडेना. माझ्या हाताले! माझ्या कनवटीकडे नाक लावून राहिली.

मफिन नव्हता. कूकर लावला, मफिन होईपर्यंत दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलो. गरम होता, फुंकून-फुंकून दिला. मग दूध.

लाड आहेत. दोन दिवसात जातील.

१८ फेब्रुवारी

आज मफिन पास!

यावेळी व्हिनेगर आणलं. शिट्टी-रबर काढलं. मैदा, कोको, तेल, केळं, वरून चिकूचे तुकडे. वर टोपीसारखे फुगले, मधे तडकले, फोटोत असते तसे. अल्कानं दोन खाल्ले, तिसरा उचलला. तिनं टोमणा मारला नाही म्हणजे समजा.

बारा मफिन स्टीलच्या डब्यात भरले. पिशवी भरली. नवी साडी वर ठेवली. वडीलबाई कोणी नाही घरात, म्हणून स्वतःच स्वतःच्या हातावर साखर ठेवली.

संध्याकाळ

आज शेवटची परीक्षा. मी स्वयंपाकघरात लपली, रविताचे बाबूजी एकटे कोठ्यात. साडी नेसून. माझे मागचे उरलेले सगळे मफिन त्यांच्याजवळ.

मैनीनं सगळे खाल्ले. दूध दिलं नाही. ओरडायले लागली. आंबेडकर चौकापर्यंत आवाज गेला म्हणे. मी कान दाबून बसली. आतून म्हणत होती, जाऊ दे, ओरडू दे, सवय होते. पण कास दगडासारखी झाली. दूध आत राहिलं की कास सुजते, मग जनावर जाते.

गेली. मफिन उरले नव्हते. पुण्याचा डबा उघडला. चार गेले.

१९ फेब्रुवारी

अल्काले बसवून पाहिलं. लाथ. आणखी दोन गेले.

रविताचे बाबूजी म्हणाले, तू जा. दूध आटलं तर आटलं. डॉक्टरले बोलावून पाहतो, नाही तर विकू. महिना दूध नाही पिलं तर आपण मरत नाही. मी म्हटलं, तुम्हाले काही समजत नाही. डॉक्टरच्या हाताले देईल काय ती? आणि विकली तर त्या घरी तिले मफिन कोण देणार?

अल्का म्हणाली, धनवंता, त्या खुंट्याले म्हैस बांधली आहे की तूच, एकदा नीट पाहून घे.

तिच्या तोंडाले हाड नाही. तिले आता मफिन मिळणार नाही.

मी उद्या जाणार. ठरलं. पिशवी दाराजवळ ठेवली.

२० फेब्रुवारी

सकाळी धार काढली. ऑटो आला. गावातला भुपेंद्र पुण्यात नोकरी करते, तोही याच गाडीनं चालला होता, सोबत होती. नवी साडी नेसली. पिशवी ऑटोत ठेवली. मीही बसली. एक पाय आत, एक बाहेर.

मैनी ओरडली. एकदाच.

रविताचे बाबूजी म्हणाले, जा, मी आहे. ऑटोवाला म्हणाला, बैठना है क्या माताजी, गाडी छूट जाएगी.

मी उतरली. या दिवसात पुण्याले गर्दी असते असंही ऐकलं आहे. पुढच्या महिन्यात जाईन, तेव्हा मैनीची सवय सुटलेली असेल. डबा भुपेंद्रच्या हातात दिला. सहा आहेत, त्याले म्हटलं, रस्त्यात उघडू नको, मी मोजून ठेवले आहेत.

२२ फेब्रुवारी

रविताचा फोन आला. डब्यात पाच निघाले. भुपेंद्र म्हणते धक्का लागून एक फुटला.

म्हणाली, माय, असे मफिन तर इथल्या दुकानात मिळत नाहीत. मग रडली थोडी. मग म्हणाली, तू कधी येतेस? मी म्हटलं, येते ना. मैनीचे मफिन सुटले की येते. ती म्हणाली, मैनीचे काय? मी सगळं सांगितलं. खूप हसली. हसताना तिचा आवाज लहानपणीसारखा होते.

मैनी तर जन्माचीच वेगन आहे, मी म्हटलं. मी तुझ्यासाठी शिकली आणि खाऊन राहिली ती.

८ मार्च, रविवार

रवितानं छोटा ओव्हन पाठवला. आता एका वेळी बारा होतात. एकसारखे फुगतात, एकही बिघडत नाही. मैनीले सकाळी दोन, संध्याकाळी दोन. चिकूचा केला तर दूध जास्त देते, साध्या केळ्याचा केला तर तोंड फिरवते. सुखराम म्हणाला, भाभी, दूध में मिठास आ गई है.

पुण्याचं पाहू. पावसाच्या आधी नक्की.

आज रवितानं मोबाइलात घर दाखवलं. गॅलरी दाखवली. खुर्चीवर कुंडी ठेवली आहे. म्हणाली, माय, खाली ऊन येत नव्हतं गं, म्हणून.

मी म्हटलं, बरं केलं. तुळस आहे काय? म्हणाली, नाही, टमाटर.

पुढं बोलायचं होतं, पण ओव्हनची घंटी वाजली आणि कोठ्यातून मैनीही ओरडली. फोन ठेवला.