बाकाच्या आतलं नाव

प्रिय कॅलम,

सात वर्षांनी माझं पत्र बघून तुला वाटेल, बाबांना काही झालं. बाबा ठणठणीत आहेत. इतके, की आत्ता भिंतीपलीकडे गावच्या हॉलचं ते बाक कापताहेत. हो, तेच, बंदरावरच्या जुन्या धक्क्याच्या लाकडाचं, ज्यावरून पडून म्हाताऱ्या मॉइराचं खुब्याचं हाड मोडलं. करवतीचा आवाज ऐकत लिहितेय, म्हणून अक्षर असं.

बाकाचा पाय मोडला तरी त्याचं कुसू, भोकात ठोकलेलं ते टोक, फळीतच अडकून राहिलं होतं. पण आत काय आहे ते बघायची बाबांना गरजच वाटली नाही. सगळ्या गावासमोर म्हणाले, "पाचरेची चीर खोल पाडलीय. ही घाई कॅलमचीच! एक दिवस माणूस मारशील तू!" तू आठवड्याच्या आत घर सोडून होबार्ट गाठलंस. त्यांनी फळी माळ्यावर फेकली. तुझी पटाशी मात्र अजून ते स्वतः धार लावून ठेवतात, विचारलं तर अंगावर येतात.

हल्ली जुनं लाकूड मिळतच नाही, शहरातले हॉटेलवाले सगळं उचलतात. म्हणून सकाळी फळी खाली आली. बाबा म्हणाले, "ब्रॉन, ते कुसू कापून काढ, माझा खांदा धरलाय." आपल्या घरची रीत आठवते ना? कुसू ठोकण्याआधी त्यावर पेन्सिलने आपलं नाव लिहायचं. आत पाचरेने कुसू फुललं की ते जन्मात निघत नाही, नाव बघायचं तर कापावंच लागतं.

खोटं कशाला सांगू, मी पटाशी उचलली होती. दोनदा तासलं असतं की नाव गेलं असतं. मग म्हटलं, "बाबा, तुम्हीच कापा." "का गं, हात मोडले का तुझे?" असं पुटपुटत त्यांनी करवत घेतली.

त्या शनिवारी तू मॅचला पळालास आणि बाकाचा तुझा राहिलेला पाय मी पुरा केला. चीर माझ्या हातून खोल गेली, ती मला दिसलीही होती. कुसवावर माझं नाव लिहून तशीच पाचर मारली. बाबा ओरडले तेव्हा तू एकदाच माझ्याकडे बघितलंस, आणि मी मान खाली घातली. तुला सगळं ठाऊक होतं. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि मी सात वर्षं त्यावर जगले. करवत थांबलीय. माझं नाव त्यांनी वाचलं असणार. दारातून दिसतंय, त्यांनी फोन उचललाय, वही न उघडता तुझा नंबर लावताहेत. त्यांची माफी ते मागतील. माझी त्यांच्या मागे लपू नये, म्हणून हे लिहिलं. मला माफ कर.

तुझीच,
ब्रॉन