टेडी फेकायची मॅच

१४ नोव्हेंबर
पेपरात पहिलं पान. डोक्याला मार बसलेल्या आइस हॉकी खेळाडूला कोचने पुन्हा बर्फावर उतरवलं, पोरगा कोसळला. कोच गार्थ, पडला कोल्बी, आणि फोटो कुणाचा? टीमच्या मालकाचा, म्हणजे माझा. तोही तोंडात बटाट्याची उकडलेली पेरोगी कोंबलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी!
मॅचआधी गार्थचा फोन आला होता, हे खरं. आधीच्या मॅचचा मार, पोराला अजून गरगरतंय म्हणाला. मी म्हणालो, कोच तू आहेस, तू ठरव; तिकिटं मात्र सगळी गेलीत. यात हुकूम कुठे आला?
निश्चय: उद्या कोल्बीला भेटायचं. घर रिंकपासून चार गल्ल्यांवर तर आहे.

१५ नोव्हेंबर
उणे एकतीस. असल्या थंडीत गाडी काय सुरू होणार! करूनही बघितली नाही. ॲग्नेस म्हणाली, मग चालत जा की. गावाला ट्रॅक्टर विकणारा माणूस पायी फिरताना दिसला तर धंद्याचं काय होईल, हे बायकोला कोण समजावणार.
उद्या नक्की.

१९ नोव्हेंबर
पेपरातली बदनामी निस्तरायला रिजायना शहरातून सल्लागार बाई आली. तीन वाक्यांचं निवेदन द्या म्हणाली: चूक झाली, मला माहीत होतं, माफ करा. मधलं वाक्य काढलं. मग पहिलं नुसतंच लोंबकळायला लागलं, तेही काढलं. 'कोणाला वाईट वाटलं असल्यास' एवढं आपल्या पदरचं घातलं. काय ओघवतं झालं! बाई कोट चढवून निघून गेली. आता फोन उचलत नाही.
गार्थला काढून टाकलं. तो पेपरवाल्यांना म्हणतो, मी मालकाला विचारलं होतं. कृतघ्न.

२६ नोव्हेंबर
रात्रभर कूस बदलत होतो. पहाटे सुचलं. कोल्बीला टीव्ही पाठवला, भिंतभर मोठा. दुपारी परत आला. कोल्बीची आई रॉन्डा आमच्याच रिंकवर बर्फ घोटायचं मशीन चालवते. तिचा निरोप: कोल्बी पडदे लावून अंधारात पडून असतो, उजेड सोसत नाही, स्क्रीन तर नकोच.
हे मला कोणी सांगायला नको? ॲग्नेस म्हणाली, जाऊन आला असतास तर दिसलं असतं. अंधारात काय दिसणार, मी म्हणालो. ती हसली नाही.
टीव्ही तळघरात लावला. चित्र उत्तम.

२ डिसेंबर
सापडला मार्ग! माणसं भांडणं विसरतात, बॅनर राहतो. आमच्या छताला जुन्या मोठ्या खेळाडूंचे शर्ट टांगलेत, त्यांच्या रांगेत माझं नाव: ऑरेस्ट हरिचुक, टीमचा आधारस्तंभ. नाताळाआधीच्या टेडी मॅचला चढवायचा. पहिला गोल झाला की दरवर्षीसारखे सगळे टेडी बर्फावर फेकतील (ते नंतर हॉस्पिटलातल्या मुलांना जातात), आणि त्याच क्षणी बॅनर वर. टीव्हीवाले यायला तयार आहेत. पन्नास वर्षांनी लोकांना हेच आठवेल.
मॅचच्या आधी कोल्बीकडे जाऊन यायचं. म्हणजे विषय मिटला.

८ डिसेंबर
कॉफीच्या दुकानात गेलो तर म्हाताऱ्यांचं टेबल एकदम गप्प झालं. आदर असल्याशिवाय माणसं अशी गप्प होत नाहीत. एकटा मर्विन बोलला: काय रे, पोरगं कसं आहे? सुधारतंय, म्हणालो. सुधारतच असणार. कॉफी अर्धी टाकून उठलो.

१३ डिसेंबर, दुपार
सकाळपासून तीनदा टाय बदलला. उत्साह असणार. कोल्बीकडे मॅचनंतर.

१३ डिसेंबर, मॅच सुरू होताना
रिंक खच्चून भरलंय, प्रत्येकाच्या मांडीवर टेडी! ॲग्नेसला म्हणालो, बघ, गाव कुणाच्या बाजूने आहे ते. ती म्हणाली, बघतेच आहे.

१४ डिसेंबर
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
गोल झाला. मी वरच्या मालकाच्या बॉक्समधून पहिला टेडी भिरकावला आणि बटण दाबलं. बॅनर झकास वर गेला. कोणी मान वर केली नाही. बर्फावर एकच टेडी. माझा. बाकी अख्खं गाव आपापले टेडी मांडीवर धरून बसलेलं, ना टाळी, ना शिट्टी. ॲग्नेससुद्धा. अगं फेक, म्हणालो. ती म्हणाली, हे कोल्बीकडे न्यायचेत, सगळ्यांचं ठरलंय. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, तू विचारलंस कधी?
खेळ थांबलेला. रॉन्डा चालत बर्फावर आली, टेडी उचलला, झटकला, आणि सगळ्यांच्या देखत पायऱ्या चढून माझ्याकडे आली. म्हणाली, ऑरेस्ट, हा तुमचा. मी म्हणालो, कोल्बीसाठीच आहे. ती म्हणाली, मग तुम्हीच आणून द्या. फक्त बेल वाजवू नका, आवाज सोसत नाही त्याला.
लाज वाटली. कॅमेरे चालू होते म्हणून नव्हे. म्हणजे, फक्त म्हणून नव्हे.
मॅचनंतर सगळे टेडी घेऊन त्या चार गल्ल्या चालत गेले. ॲग्नेसही. मी म्हणालो, गाडी सुरू झाली तर मागून येतोच.
उणे तेहेतीस. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.
मी घरी आलो. टेडी अजून शेजारच्या सीटवर आहे.