दोब्रिलाच्या ओठाचा कोपरा

आदरणीय शिमेमामा,

उतरणीवर तुमचा गुडघा अजून कुरकुरतो का? मामींची अंजिरं पोहोचली आणि संपलीसुद्धा. (संकलनाच्या टेबलावर तीन दिवस तेवढंच जेवण होतं.)

माझं कसं चाललंय, असं विचारलंत. अकरा वर्षं मी माहितीपट काढतेय, कधी अंध गायकांवर, कधी चाकाच्या खुर्चीत बसून शिडाच्या होड्या बांधणाऱ्यांवर, आणि बघायला दरवेळी त्यांचेच नातेवाईक येतात. यंदा वाटलं, जमलं. स्प्लिट शहरातल्या कर्णबधिर मंडळात मी दोन वर्षं कॅमेरा घेऊन बसले. ब्रिश्कुलाचे पत्ते हातात आले, की दोब्रिलाच्या (शिवणकाम करते, मंडळाच्या संघाची कप्तान, सेंट रोकोच्या जत्रेत दरवर्षी तुमच्याकडून हरते, तीच) ओठाचा डावा कोपरा मधूनच थरथरायचा. काय दडलं असेल या बाईच्या मनात, या कुतूहलाने मला चैन पडेना. ती थरथर मी चाळीस सेकंद पडद्यावर ठेवली आणि त्यामागे करुण सुरात सेलो वाजवला.

मंडळात माहितीपट दाखवला, तर नेमके तिथेच सगळे पोट धरून हसले. (सेलो त्यांना ऐकू आला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.) दोब्रिलाने हातांच्या भाषेत मला झापलं, "दुःख कसलं डोंबलाचं? हुकमाची तिर्री, एक्क्याखालोखालचं पान, माझ्याकडे आहे, असं भिडूला सांगत होते. आता दाखव अख्ख्या गावाला."

मामा, मी ओशाळले. भिडूला खुणा करायची आपल्या खेळात मुभाच असते, पण ज्याच्या खुणा त्याने जपायच्या. दोन वर्षं मी तिचा चेहरा न्याहाळला, पण तिला एकदाही काही विचारलं नाही. तिने संमतीची सही द्यायला साफ नकार दिला, आणि सहीशिवाय माहितीपट कपाटातच राहणार. मग मी तिलाच शेजारी बसवलं. काय ठेवायचं, काय काढायचं, ते तिने ठरवलं. काही प्रसंग पुन्हा चित्रितही करायला लावले. इतकं मी आजवर कुठेच शिकले नव्हते.

मामींना सांभाळा.

तुमची,
येल्का

ता.क. सही द्यायला ती आता तयार आहे. अट एकच: जत्रेआधी, येत्या शनिवारी, तुम्ही तुमच्या संघासह पहिल्या रांगेत बसून माहितीपट बघायचा. नाही म्हणू नका, माझी सगळी मेहनत तुमच्या हातात आहे. येताना खुणा टिपायला वही आणलीत तरी चालेल, असा तिचा निरोप आहे.

आणखी एक ता.क. तुमच्यापासून लपवणं मला जमत नाही. पुन्हा चित्रित केलेल्या प्रसंगांत तिने सगळ्या खुणा बदलल्यात. निदान तसं लिही, असं तिनेच मला सांगितलं. खरं काय, म्हणून विचारलं, तर तिने नुसती डावी भुवई उचलली.