तपासले

रविवार, १२ जानेवारी

सहा जण! वाचनालयाने खुर्च्या मांडल्या होत्या चाळीस. ‘लिहावं कसं, छापावं कसं’ — लोणावळ्यात दरवर्षी माझंच व्याख्यान. तेच बोललो. रोज एक पान लिहा. प्रकाशकाला आधी तीन प्रकरणं पाठवा, सगळा गठ्ठा नको. तीन महिने वाट बघा, फोन करून त्याचं डोकं खाऊ नका. आणि नवं लिहून झालं की जुना खर्डा ठेवू नका, माणूस त्यातच घुटमळतो. या वाक्याला सगळे माना डोलावतात. माझे स्वतःचे खर्डे कपाटात गाठोडं बांधून आहेत, ते कोण बघायला येतंय!

शेवटी एक बाई थांबली. रतनबाई. लोहगडवाडीत गडावर येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीचा स्टॉल. सातवी शिकलेली. ‘जय भीम सर’ म्हणाली आणि पिशवीतून दोनशेपानी वही काढली. मुलगी तेजल एकोणिसाव्या वर्षी किडनीच्या आजाराने गेली. शेवटचे सात महिने ती जे जे बोलली, ते हिने रोज लिहून ठेवलंय.

‘ह्याचं पुस्तक व्हईल का?’

ठेवून जा म्हटलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

वही उघडली. अरे देवा! ‘आये, मला हितं नगं, घरला ने.’ एक ओळ धड शुद्ध नाही. लाल पेन घेतलं. न्हाई — नाही. आमी — आम्ही. सात पानांत हात भरून आला. ठेवली बाजूला.

रविवार, १९ जानेवारी

रतनबाई दहाला यायची होती. उरलेली पानं नुसती उलटली. शेवटच्या पानावर ‘तपासले’ आणि खाली सही. चौतीस वर्षं वर्गातल्या वह्या अशाच तपासल्या, हात आपोआप चालतो.

सही बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘सगळी वाचली सर?’

हो म्हणालो.

‘मग तुमाला तेजल कळली.’

शुद्ध भाषेत पुन्हा लिहा म्हणालो. अशी भाषा कुणी छापत नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

नवी वही आली. अक्षर टपोरं, भाषा स्वच्छ. खूश झालो! तीन प्रकरणं टाइप करून चैतालीला पाठवली — माझी जुनी विद्यार्थिनी, पुण्यात एका प्रकाशकाकडे संपादक आहे.

मंगळवार, १८ मार्च

चैतालीचा फोन. ‘सर, विषय काळजाला हात घालतो. पण ही मुलगी बोलतच नाही, निबंध वाचते. “आई, मला येथे राहावयाचे नाही” — आजारी पोर असं बोलते का? आईने आधी घरच्या भाषेत लिहिलं असणार. ते द्या, लगेच छापू. हे नाही जमणार.’

लाज वाटली. माझ्याच विद्यार्थिनीने माझे कान उपटले! पण जुनी वही रतनबाईकडे आहे ना. उद्याच जातो.

बुधवार, १९ मार्च

लोहगडवाडी. गिऱ्हाईक नव्हतं. रतनबाई भाकरी थापत होती. सांगितलं तसा तिचा हात थांबला.

‘तुमीच म्हनला व्हता, जुनं ठिवायचं न्हाई. नवी झाली त्याच दिशी ह्या चुलीत घातली. एकेक पान.’

पानांचे फोटो वगैरे? फोन बटणांचा.

आठवून लिहा, म्हणालो. काय बोलतो मी!

‘वहीत हाय म्हनून डोक्यातनं सोडलं व्हतं सर. आता तिचं बोलनं आठवाया बसलं की तुमचं शुद्धच त्वांडात येतं.’

रडली नाही. मला ताक दिलं. मी ते प्यालोसुद्धा, निर्लज्जासारखं.

गुरुवार, २० मार्च

सकाळीच दारात रतनबाई. चेहरा उजळलेला! पिशवीत कोरी वही. ‘रातभर सुचलं न्हाई बगा. तुमी तर समदी वाचलीया. तुमी सांगा तेजल काय काय बोलली, मी लिवते.’

सांगितलं. पहिलं पान, दुसरं — जेवढं आठवलं तेवढं. ती लिहीत गेली, मधेच हसली, ‘व्हय, अशीच म्हनायची!’ सातवं पान संपलं. पाणी आणतो म्हणून स्वयंपाकघरात आलोय, इथेच ओट्यावर हे लिहितोय.

बाहेरून हाक येतेय. ‘सर, म्होरं?’