माशीमाचा शेवगा

प्रिय काकू,

सवयीने 'साष्टांग नमस्कार, वि. वि.' असं लिहायला घेतलं आणि तिथेच अडलो. तू असताना तुला धड एक पत्र लिहिलं नाही मी. खरगपूरहून एक कार्ड टाकलं होतं, त्यात 'येतो आहे' एवढंच. ते कार्डही मी इथे पोचल्यावर आलं. तू ते हातात धरून काकांना म्हणाली होतीस, "बघा, नवरदेव आधी आला आणि पत्रिका मागून."

आज लिहितो, कारण उद्या दुपारी हावड्याहून आपली गाडी आहे. आपली म्हणजे तुझी आणि माझी. काकांना रजा मिळत नाही असं ते सांगतात. मला वाटतं, त्यांना तो प्रवास तुझ्याशिवाय करवत नाही. "वसंता, तिला तू घेऊन जा. तुला फिरायची सवय आहे," म्हणाले, आणि चष्मा पुसत आत गेले.

मी आत्ता भिंतीपलीकडच्या माशीमाच्या अंगणात शेवग्याखाली बसलोय. वर फांदीला तांब्याचा लोटा टांगलाय, तोंडाला पांढरं फडकं. त्यात तू. वारा आला की लोटा जरा हलतो आणि माझं लिहिणं थांबतं.

"आपलं घर असताना तिच्या दारात कशाला?" असं तू म्हणणार हे मला ठाऊक आहे. सांगतो. पण मला सरळ सांगता येत नाही हेही तुला ठाऊक आहे.

तू ऐन मे महिन्यात गेलीस, काकू. गार्डन रीचच्या आपल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मेमध्ये कोण असतं? शाळांना सुटी लागली, पास हातात आले, की ट्रंका, वळकट्या, पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन सगळी मराठी मंडळी गावाला. कोणी साताऱ्याला, कोणी रत्नागिरीला. गणपतीत एवढी मोठी पंगत बसते आपली, आणि त्या सकाळी काका ज्या दारात गेले तिथे कुलूप. मी फेरीने पलीकडे हावड्याला धावलो, त्या कारखान्यातल्या फिटरकडे, आठवतो ना, ज्याची बायको तुझ्याकडून गोडा मसाला न्यायची? फेरीत एक माणूस हार्मोनियम घेऊन बसला होता आणि मी वेड्यासारखा त्याच्या हार्मोनियमच्या तुटक्या पट्ट्या बघत राहिलो. फिटरचंही दार बंद होतं. तोही गेला होता गावाला.

परत आलो तर भिंतीपलीकडच्या कॉलनीतले लोक बांबू तासत बसले होते. माशीमाचे यजमान, त्यांचा मेहुणा, आणखी काही जण ज्यांची नावंही आपल्याला माहीत नव्हती. काकांना त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. तुला त्यांनी खांदा दिला, काकू. तू ज्यांना "ते पलीकडचे निर्वासित" म्हणायचीस त्यांनी. नदीवरच्या घाटापर्यंत ते "बोलो हरी, हरी बोल" म्हणत होते आणि पुढे मडकं धरून चालणाऱ्या काकांना त्यात सूर मिसळता येत नव्हता. थोड्या वेळाने मिसळला.

तुला आठवतं, ते लोक पहिल्यांदा आले तेव्हा? मागच्या पाणथळ जागेत बांबूच्या तट्ट्या उभ्या राहिल्या. फाळणीने घर गेलेली माणसं, पूर्व बंगालातल्या बरिशालकडची. काही जण आधी सियालदा स्टेशनच्या फलाटावर महिनेन् महिने राहिलेले. तू खिडकी लावून घेतलीस. "आपणही परमुलखात आहोत, पण असं कुठेही पथारी टाकत नाही," म्हणालीस. काका म्हणाले, "अगं, आपल्याला रेल्वेने आणलंय. यांना कोणी आणलंय?" तू खिडकी उघडली नाहीस.

आपणही बाहेरचे आणि तेही बाहेरचे, पण किती फरक! काकांचा पगार पहिल्या तारखेला. पक्कं छप्पर, नळ, आजारी पडलं तर रेल्वेचा डॉक्टर. आणि वर्षातून एकदा घरी जायचा पास. माशीमाचे यजमान तिकडे शाळेत शिकवत होते. स्वतःचं तळं होतं, सुपारीची बाग होती. इथे ते खांद्यावर गमछे टाकून ट्रामच्या थांब्यावर विकतात. माशीमा दिवसभर जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवते. तू एकदा मला म्हणालीस, "ती पिशवी चिकटवायच्या आधी वाचते रे, सगळी वाचते." त्यानंतर आपल्या घरची रद्दी तू वाण्याला देणं बंद केलंस. मराठी वर्तमानपत्रंसुद्धा तिच्याकडे जायची. ती काय वाचणार त्यात? पण तू द्यायचीस.

अशी मैत्री मी कुठे पाहिली नाही. ती भिंतीच्या त्या बाजूने बंगालीत बोलणार, तू या बाजूने मराठीत, आणि कोणीच कोणाचं ऐकायला थांबत नव्हतं. माशीमा, त्यांच्या भाषेत मावशीच ती माझी, मला विचारायची, "तुझी काकी आज रागावली का?" मी म्हणायचो, "नाही, तिचा आवाजच तसा आहे." मग ती हसायची, "माझ्या सासूचापण असाच होता. पण तिला आम्ही तिकडेच सोडून आलो, चितेवर."

आता एक तक्रार. इतकं सगळं होतं, तर तिच्या घरचं पाणी तू का प्यायली नाहीस? लक्ष्मीपूजेला तिने नारळाचे लाडू आणले तेव्हा तू ते घेतलेस, हळदीकुंकू लावलंस, आणि ती गेल्यावर लाडू मला दिलेस. "मासळीच्या हातचं," म्हणालीस. माशीमाला ते कळत होतं, काकू. मला म्हणायची, "तुझी काकी म्हणजे सोवळी बामणीण, तिला आमचं चालत नाही." हसून म्हणायची. पण म्हणायची.

आणि आता शेवग्याचं सांगतो. काकांच्या ऑफिसातल्या एका मद्रासी गृहस्थांनी तुला शेवग्याची फांदी दिली होती. हातभर लांब, ओली, नुसती मातीत खोचली की धरणारी. तुला शेंगांची आमटी केवढी आवडायची! मी म्हटलं, खड्डा करतो अंगणात. तू म्हणालीस, "शेवगा दारात लावत नाहीत." मग परसात लावू म्हटलं तर म्हणालीस, "कशाला? बदली झाली की शेंगा दुसरंच कोणी खाणार."

बदली. या एका शब्दावर तू अख्खा संसार चालवलास. इतकी वर्षं कलकत्त्यात, आणि तुळससुद्धा तुपाच्या डब्यात, म्हणजे उचलून नेता येईल. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. ट्रंकांना कुलपं नुसती अडकवलेली. जड कपाट घ्यायचं नाही, ते पुढे कोण नेणार? काका तर म्हणत होते, आता बदली कसली, रिटायर होईन इथेच. तू म्हणायचीस, "मग कायमचे जाऊ वाईला."

ती फांदी तू भिंतीवरून माशीमाला दिलीस. तिने ती त्याच दुपारी लावली. तिच्या झोपडीला तेव्हा धड दार नव्हतं, त्या जागेवरून कोणी केव्हा हाकलून देईल याचा नेम नव्हता, आणि ती खड्डा खणत होती! मी विचारलं, "माशीमा, उद्या इथून उठवलं तर?" ती म्हणाली, "मग झाड तरी राहील ना रे. आमची सगळी झाडं तिकडे राहिलीच आहेत."

मी बऱ्याच गावांतून हिंडलो, काकू. नागपूर, बिलासपूर, टाटानगर. पण हे मला कुठे कोणी सांगितलं नाही, की ज्याला परत जाता येतं तो झाड लावत नाही आणि ज्याचं सगळं गेलं तो पहिल्याच दुपारी खड्डा खणतो. मला ते अजून नीट कळलेलं नाही. नुसतं दिसलं.

तुझ्या तापात माशीमा आली. भिंतीला वळसा घालून, पहिल्यांदाच आपल्या स्वयंपाकघरापर्यंत. काका अडखळले, कारण तिने चप्पल काढून सरळ चूल पेटवली होती. बार्लीचं पाणी तिने केलं, कपाळावरच्या पट्ट्या तिने बदलल्या. शेवटच्या दुपारी तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिने चमच्याने पाणी दिलं आणि तू प्यायलीस. डोळे अर्धे उघडे होते तुझे. काकू, तुला कळलं होतं का, कोणाच्या हातचं आहे ते? मला वाटतं कळलं होतं. तू दुसरा चमचा मागितलास. ओठ पुढे केलेस. ते मी पाहिलं. माशीमानेही पाहिलं, आणि त्या सगळ्या दिवसांत जी रडली नव्हती ती तेव्हा रडली.

तिसऱ्या दिवशी घाटावरून आम्ही अस्थी घेऊन आलो. काका फाटकात थांबले. अस्थी घरात न्यायच्या नाहीत, बाहेर झाडाला टांगायच्या, ही आपली रीत. लोटा छातीशी धरून काका अंगणात बघत राहिले. सिमेंटची मोरी, कपडे वाळत घालायची तार, डब्यातली तुळस. एवढंच. एक झाड नव्हतं, काकू. इतक्या वर्षांत आपण एक झाड लावलं नव्हतं.

"तारेला बांधू या का?" काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नको."

रस्त्यावरच्या गुलमोहराकडे मी बोट दाखवलं. त्याच्या बुंध्याशी कुत्री झोपली होती, फांदीला सायकलची जुनी ट्यूब लटकत होती. "ते सरकारी आहे रे," काका म्हणाले. त्यांना उभं राहवत नव्हतं. पायरीवरही बसत नव्हते, हातात तू होतीस म्हणून.

माशीमा भिंतीवरून बघत होती. तिने रीत विचारली, मी सांगितली. ती एवढंच म्हणाली, "तिचंच झाड आहे. आण इकडे."

म्हणून तू इथे आहेस. त्या दिवसापासून तिच्या घरी सकाळी दाराशी पाणी शिंपडलं की थोडं या बुंध्याशीही शिंपडतात. तिची माणसं झाडाखालून जाताना आवाज खाली आणतात. कॉलनीतली मुलं शेंगा तोडायला आली तर माशीमा ओरडते, "आत्ता नाही. पाहुणी आहे वर."

पाहुणी. तो शब्द ऐकून मला वेगळंच आठवलं. मागच्या वर्षी तुझ्याबरोबर मी गावाला आलो होतो. वाठार स्टेशनवर उतरल्यावर तू केवढी खुशीत होतीस, टांग्यातून प्रत्येक ओढ्याचं नाव सांगत होतीस. पण घरी मोठ्या जाऊबाईंनी तुला पाट मांडला, चांदीचा पेला दिला आणि भांड्याला हात लावू दिला नाही. "कलकत्तेवाल्या पाहुण्या तुम्ही, बसा," म्हणाल्या. प्रेमानेच म्हणाल्या. तू संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर मला म्हणालीस, "वसंता, हे कोणाचं घर रे?" आणि मग लगेच, "चल, वारा सुटलाय." ठरल्यापेक्षा आधीच आपण परत आलो. काकांना तू सांगितलंस, उन्हाळा सोसला नाही.

मग आता मी तुला कुठे नेऊ? तिकडची माणसं गंगेसाठी जन्मभर वाट बघतात. गंगा इथे आपल्या ऑफिसाच्या मागून वाहते आणि तुला ओढ कृष्णेची. काकांना मी ते कृष्णेच्या घाटावरचं तुझं बोलणं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? त्यांची एवढी एकच समजूत शाबूत आहे, की ते तुला घरी पाठवताहेत.

आज सकाळी काका इथे आले. माशीमाने बसायला वेताचा मोढा दिला, बसले. तिने चहा दिला, प्यायले. दोघं वर लोट्याकडे बघत होते. मग काका त्यांच्या ऑफिसातल्या हिंदीत म्हणाले, "एक फांदी मिळेल का?"

"रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडणार ना?" माशीमा म्हणाली.

"सोडावंच लागेल."

"मग शेंगा दुसरंच कोणी खाणार."

तुझे शब्द तिला कोणी सांगितले? मीच सांगितले असतील, भिंतीवर बसून, बोलता बोलता. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "खाऊ देत."

फांदी त्यांनी स्वतः लावली. परसात नाही, दारात, फाटकाजवळ. मी कुदळ घ्यायला गेलो तर देईनात. ऑफिसात जायच्या कपड्यांवर माती उडाली होती.

काकू, ठरलं ते सांगतो. उद्या माशीमा स्वतः फडकं सोडणार आहे. तुझ्यातलं थोडं आम्ही तिघं इथल्या गंगेत सोडू, बाकी मी कृष्णेत सोडेन, त्याच घाटाच्या पायरीवरून, आणि तिथे कोणी पाट मांडला तरी तुझ्या वतीने बसणार नाही, उभ्यानेच निघेन. वाटेत कुठे उतरणार नाही. नागपुरातही नाही. तुला हसू येत असेल, येऊ दे. सरळ परत येईन आणि फाटकाजवळच्या त्या फांदीला पालवी फुटून ती घट्ट धरेपर्यंत इथून हलणार नाही. पाणी मी घालेन. आपण कोणीच कुठे जेवढं थांबलो नाही, तेवढं एकदा थांबून बघतो.

माशीमा हाक मारतेय. भात झालाय म्हणते, आणि म्हणते, "तुझ्या काकीला सांग, आज मासळी केलेली नाही."

तुझ्याच उंबऱ्यावर परत येणारा,
वसंता