चढावर पिकअप का बंद पडली

बाबा,

तुम्हाला झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. चहा झाकून ठेवलाय.

परवा चढावर पिकअप बंद पडून मागे घरंगळली आणि भिंतीवर आदळली, त्यात तुमची चूक नव्हती. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा होतो, कुणाच्याही पायाला आवरत नाही.

आज सकाळी मी बघितलं. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळी जोडली, तर डिझेलबरोबर बुडबुडे येत होते. मग टाकीला फाटा देऊन कॅनमधलं डिझेल थेट दिलं, तेव्हा इंजिन एकदाही अडखळलं नाही. म्हणजे डिझेलचा पंप ठणठणीत आहे. टाकीकडून येणारा पाइप क्लिपखाली चिरलाय. पंप त्यातून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे बाहेर थेंबही गळत नाही, पण आत हवा शिरते. आमच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात येणारे पाण्याचे पंप हवा धरतात, अगदी तसंच.

मेकॅनिक नुसता फिल्टर बदलून "आता आजोबांचं वय झालं" म्हणाला आणि मोकळा झाला. ह्यांनी ते लगेच खरं मानलं. तुम्हीही मानलंत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मी नवा पाइप आणायला जातेय. "बाबांना देऊ नकोस" असं बजावून ह्यांनी किल्ली माझ्याकडे दिली होती. ती तुमच्या चष्म्याशेजारी ठेवलीय. दुपारी पाइप बसवू, हवा काढू आणि माल भरून त्याच चढावर जाऊ. चालवायचं तुम्ही. मी शेजारी बसेन, आणि ह्यांना मागे मालावर बसवू.

सूनबाई