आंब्याखालचा लसूणघास

हरसूल

प्रिय पायल,

जिंकलीस गं पोरी! विहिरीजवळच्या आंब्याखाली लसूणघास गुडघ्याला लागलाय. आज पहिली कापणी केली. मी भारा खाली ठेवायच्या आधीच ढवळ्या गायीने त्यात तोंड घातलं.

तीन वर्षं आपण तिथल्या सहा आंब्यांखाली बी टाकायचो आणि पिवळी रोपं उपटायचो. शेजारच्या सहादूकाकांचं एकच पालुपद, "सावलीत घास येतो व्हय, वहिनी? झाडं काढा, मंग बघा." आणि मी काय करायचे, तर भाताच्या राबासाठी, रोपांची जमीन भाजायला, गोळा केलेला पाचोळाही तिथंच पसरायचे. राबाला चालतो तो घासाला का चालणार नाही, हा माझा शहाणपणा! राबात पाचोळा आपण जाळतो, इथे तो कच्चाच होता, हे डोक्यातच आलं नाही.

दिवाळीत तू "दोष सावलीचा नाही, आंब्याच्या पानांचा आहे" म्हणत दोन वाट्यांत बी भिजवलंस, एका वाटीत साधं पाणी, दुसरीत आंब्याची पानं भिजवलेलं. मी हसले. पाहुणे येणार म्हणून चौथ्या दिवशी दोन्ही वाट्या ओतून घासायला टाकल्या. तू त्या रात्री जेवली नाहीस. सकाळच्या गाडीने कॉलेजला गेलीस.

तू गेल्यावर मी एका झाडाखाली मधोमध दोरी बांधली. एका बाजूचा पाचोळा रोज झाडून खड्ड्यात कुजायला टाकला, दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला. सावली तीच, पाणी तेच, बी तेच. आज एका बाजूला हिरवंगार, दुसरीकडे जेमतेम चार काड्या. सहादूकाकांनी दोरीपाशी वाकून दोन्हीकडची रोपं चाचपली. मग म्हणाले, "पोरगी लय हुशार निघाली." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

आता जे सांगितलं नाही ते. वाट्या ओतताना मी पाहिलं होतं. साध्या पाण्यातल्या बियांना पांढरे मोड आले होते, दुसऱ्या तशाच होत्या. लेकीकडून शिकायची लाज वाटली मला. त्याच तोऱ्यात झाडं तोडायला माणसंही सांगून ठेवली, संक्रांतीनंतरची. पण ते मोड डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून दोरी बांधली. आज सकाळी माणसं करवत घेऊन आली, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सहाही झाडं उभी आहेत. माझं चुकलं, पायल. त्या दोन वाट्या फडताळात वेगळ्या ठेवल्यात, त्यांत कुणाला आमटी वाढत नाही. तुझ्या आहेत त्या. ये आणि पुन्हा बी भिजव, मी शेजारी बसून बघेन.

हरल्याचा आनंद झालेली,
तुझीच आई